बढाईच्या कोंडाळ्यातली शेवटची ओळ

५ एप्रिल

दवाखान्यातली नर्स म्हणाली, "काका, रोज काय खाल्लं आणि झोप कशी लागली ते लिहीत जा. म्हणजे तुमचा रक्तदाब कशाने चढतो ते डॉक्टरांना कळेल." मी चौथीपर्यंत शिकलो आहे, अक्षर वाचता येण्यासारखं आहे. पण माझा रक्तदाब खाण्याने चढत नाही. म्हणून बाकीचंही लिहितो.

खाल्लं: भात, तुरीचे दाणे घालून डुकराच्या हाडांचा रस्सा. झोप: नाही.

आज कबरी साफ करायचा दिवस. लांगुईला घेऊन तियांगच्या कबरीवर गेलो. तियांग माझा मुलगा, लांगुईचा बाप. शहरात इमारतीच्या परांचीवरून पडला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून पोर माझ्याजवळ आहे. तिसरीत आहे. नाव तिच्या आजीचं ठेवलंय, आमच्यात तसंच ठेवतात.

गवत माजलं असेल म्हणून विळा नेला होता. पण गवत कुणीतरी आधीच काढून टाकलं होतं. क्रुसापाशी पत्र्याच्या डब्यात उदबत्त्या जळून गेल्या होत्या आणि शेजारी केळ्यांची फणी. आमच्या गावात सगळे चर्चमध्ये जाणारे. कबरीवर उदबत्ती कोण लावणार?

"खालच्या गावचं कुणीतरी चुकून आलं असेल," मी म्हणालो.

 लांगुईने कलंडलेला डबा सरळ केला. मी म्हटलं, हात लावू नकोस, तर म्हणाली, "पडला असता ना, आबा." परत येताना वळणावर पक्षी डावीकडून ओरडला. मी जागीच उभा राहिलो. डावीकडून ओरडला की पुढे जायचं नसतं. पण पुढेच घर होतं, काय करणार?

८ एप्रिल, सोमवार

शाळेचं बातमीपत्र आलं. महिन्यातून एकदा पोरांच्या दप्तरातून येतं, एक प्रत दुकानाच्या दाराला चिकटवतात. मी ते बोट ठेवून वाचतो. पहिलीच्या वर्गाने पेरलेला मुळा उगवला. शाळेच्या कोंबडीने अंडी द्यायचं थांबवलं आहे, कुणी दगड मारत असेल तर मारू नये. चौथीच्या दोन मुलांचे दात पडले, अभिनंदन.

आणि खाली चौकटीत: मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपल्या डोंगरी लोकांचा सण, कुटुंबांसह. राळ्याचे पदार्थ, टांगलेल्या डुकराच्या कानावर तीर मारणं, आणि तिसरीच्या मुलांचं बढाईचं कोंडाळं. मुलांच्या ओळींना घरच्यांनी उत्तर द्यायचं आहे.

हे मी दोनदा वाचलं. आमचं कोंडाळं म्हणजे चेष्टा नाही. शिकारीवरून आल्यावर पुरुष गोल करून उकिडवे बसायचे. एकेकाने आपला पराक्रम एकेक ओळ करून ओरडायचा आणि बाकीच्यांनी तीच ओळ तशीच परत ओरडायची. सुरुवातीला आपलं नाव आणि बापाचं कूळ, आमचं इस्तांदा. शेवटची ओळ आईच्या कुळाची. तिच्याशिवाय बढाई पुरी होत नाही. आणि त्यात खोटं बोलायचं नसतं, खोटं बोलणाऱ्याला पुढच्या वर्षी डोंगर धरतो. बायका मागे उभ्या राहायच्या. आता मुलीसुद्धा गोलात बसणार म्हणे.

शेवटी बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होतं. 'बाहेरगावी राहणाऱ्या पालकांनाही या वर्षी निमंत्रण पाठवलं आहे.'

लांगुईची आई बाहेरगावी असते. आ-लिएन. व्हिएतनामची आहे. तियांग गेल्यावर शहरात कारखान्यात लागली, तिथल्या वसतिगृहात पोरं ठेवून घेत नाहीत. तेव्हा ठरलं होतं की तिचं बस्तान बसेपर्यंत पोर माझ्याकडे. बस्तान बसायला किती दिवस लागतात ते कुणी बोललं नव्हतं. सुरुवातीला तिचा फोन यायचा. मग माझा फोन बिघडला. दुरुस्तीला टाकायचा राहूनच गेलाय.

झोप: नाही.

१० एप्रिल

आलुबुखार खारवायच्या खोलीत मीठ आणायला गेलो, तर आतून आवाज. लांगुई बरण्यांच्या मागे भिंतीकडे तोंड करून बसलेली. एकच शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होती. आमच्या भाषेतला नाही, शाळेच्या भाषेतलाही नाही.

"द्वान," ती म्हणायची. मग मान हलवायची आणि पुन्हा, "द्वान." प्रत्येक वेळी हात वरून खाली आणायची, उतारावरून काही घरंगळावं तसा.

मी तिथूनच मागे फिरलो. मीठ आणलं नाही. रस्सा अळणी झाला. तिने तसाच खाल्ला.

पोरीला बाहेरचं काही लागलंय. कबरीवर त्या डब्याला हात लावला होता.

१२ एप्रिल

सावीकडे गेलो. सावी माझी चुलत बहीण, पलीकडच्या घरात राहते, माझ्याहून मोठी आहे आणि कशालाच भीत नाही. ती पारावर बसून सुपारी चावत होती.

"पोर भिंतीशी बोलते," मी सांगितलं.

"तू तर स्वतःशी बोलतोस, उमाशा. घराण्यातच आहे."

"चेष्टा नको. शब्द आपला नाही. हात असा खाली आणते."

"पाढे म्हणत असेल."

"पाढ्यांत द्वान कुठे असतं?"

सावीने थुंकून तोंड मोकळं केलं. "मग शाळेतल्या याओ बाईंना जाऊन विचार ना."

"बाईंना काय कळणार? खालच्या सपाटीवरच्या आहेत. त्यांना बाधा म्हणजे सर्दी वाटते."

"बरं बाबा, पात्यांचं गवत ठेव तिच्या उशाखाली. आई ठेवायची आपल्या. फायदा झाला नाही तरी डास तरी जातील."

गवत कापून आणलं. आणताना चर्चच्या समोरून न येता मागून आलो, पास्टरने बघायला नको.

१३ एप्रिल

सकाळी लांगुईने विचारलं, "आबा, माझ्या उशीखाली गवत का आहे?"

"उंदरांसाठी."

"उंदीर गवत खातात?"

"पळतात."

तिने गळ्यावरचे ओरखडे दाखवले. पाती धारदार असतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तेल लावलं. तेल लावताना ती हळूच काहीतरी पुटपुटली, मी न ऐकल्यासारखं केलं.

१६ एप्रिल, मंगळवार

शाळेत सरावाला बोलावलं होतं. जायचं नव्हतं, पण लांगुईने हात धरून ओढत नेलं. हैसुल पोरांना शिकवतो. गावातला सगळ्यात जुना शिकारी तोच उरलाय. आवाज एवढा की मैदानाच्या टोकाला कोंबड्या दचकतात.

"पोटातून ओरडा! तुम्ही काय दुकानात मीठ मागताय?" पोरं खिदळत होती. मला पाहून तो म्हणाला, "अरे, उमासदादा आले! दादा, तुमची बढाई काय? 'मी दार लावलं!' म्हणा, आम्ही सगळे ओरडतो, 'दार लावलं!' 'कडी पुन्हा तपासली!' 'पुन्हा तपासली!'"

सगळे हसले. मीही हसलो. कडी मी दोनदा तपासतोच, त्यात काय?

मग त्याने एकेका पोराला आईचं कूळ विचारलं. पालालावी. ताकिलुदून. पालालावी. लांगुईची पाळी आली. आ-लिएनला कुठलं कूळ? परदेशातून आली, विमानाने.

"मी त्या दिवशी सांगेन," लांगुई म्हणाली.

"त्या दिवशी म्हणजे? लग्नाची मिठाई आहे का लपवून ठेवायला?"

मी मध्ये पडलो. "ती तिच्या आजीचं कूळ सांगेल. माझ्या बायकोचं."

हैसुलने डोकं खाजवलं. "आजीचं? चालत असेल बहुतेक. माझ्या बापाच्या वेळी असा प्रश्न आला नव्हता."

घरी येताना मी लांगुईकडून आजीचं कूळ दहा वेळा म्हणून घेतलं. तिने दहा वेळा म्हटलं, पण माझ्याकडे न बघता. मग विचारलं, "आबा, गोलात खोटं बोललं तर डोंगर धरतो ना?"

"हे खोटं नाही. हे… जवळचं आहे."

 मला रात्रभर तेच आठवत राहिलं. मीच तिला खोटं शिकवतोय का? आणि डोंगर धरला तर कुणाला धरेल, ओरडणाऱ्याला की शिकवणाऱ्याला?

१९ एप्रिल

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो.

शाळा सुटून बराच वेळ झाला, पोर आली नाही. ओढ्याचं पाणी वाढलंय, पुलाचा कठडा तुटलाय, रस्त्यावर आलुबुखाराचे ट्रक. सगळं डोक्यात येऊन गेलं. धावत गेलो. वर्गाच्या खिडकीतून पाहिलं तर लांगुई बाकावर बसलेली, समोर याओ बाईंचा फोन उभा केलेला, आणि फोनमध्ये एका बाईचा आवाज. लांगुई हसत होती. हात तसाच वरून खाली आणत होती. फोनमधली बाई काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

मी खिडकीखाली बसलो. बाधा नाही ही. हे माणसांचं काम आहे. शहरात कुणालातरी पोर दाखवली जातेय. असं होतं हे मी ऐकलंय. म्हातारा एकटा आहे, रक्तदाब आहे, पोरीच्या गळ्यावर ओरखडे आहेत. बाईंनी ओरखडे पाहिले असतील! मग शहरातून कुणी येतं आणि पोर चांगल्या घरी जाते.

घरी येऊन तिचे शाळेचे बूट उचलले आणि खारवायच्या खोलीत मोठ्या बरणीमागे ठेवले. बुटांशिवाय कुठे नेणार?

२० एप्रिल

अर्थात चपलेवर नेतील. हे सकाळी सुचलं. बूट तरीही तिथेच ठेवले.

२२ एप्रिल, सोमवार

लांगुई चपला घालून शाळेत गेली म्हणून याओ बाई घरी आल्या. तरुण आहेत, चढ चढून त्यांना दम लागला होता. मी आलुबुखाराचं सरबत दिलं. त्यांनी बूट कुठे विचारलं नाही. घरभर बघितलंही नाही, नुसतं माझ्याकडे बघत होत्या. त्याची जास्त भीती वाटली.

"आजोबा, सणाला तुम्ही येणार ना? लांगुईला तुमचाच आवाज हवाय."

"माझा आवाज बारीक आहे."

"तरी तुमचाच हवाय म्हणते."

मला राहवलं नाही. "बाई, खरं सांगा. तिला कोणी नेणार आहे का?"

बाईंनी पेला खाली ठेवला.  "तिची आई येणार आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. लांगुईने वचन घेतलं होतं माझ्याकडून. आणि तुमचा फोन कधी लागत नाही."

"बिघडलाय."

"हो, कळलं ते."

"येणार म्हणजे, बघायला येणार की न्यायला?"

"ते मी कसं सांगू, आजोबा? ते तुम्ही दोघांनी बोलायचं."

म्हणजे न्यायला. बघायला येणार असती तर बाई चटकन म्हणाल्या असत्या. कागदावर ती आई आहे. मी नुसता आजा. तिने बस्तान बसलं म्हटलं की संपलं. बाई गेल्यावर मी घरात फिरून पोरीचं काय काय आहे ते पाहिलं. दोन पिशव्यांत मावेल एवढंच आहे. एका माणसाला एका फेरीत नेता येईल.

खाल्लं: काही नाही. लांगुईने शेवया उकडून पुढे ठेवल्या, त्याही तिनेच खाल्ल्या.

२७ एप्रिल

ठरवलं. सणाच्या आदल्या दिवशी पोरीला घेऊन वरच्या राळ्याच्या शेतावर जायचं. तिथे झोपडी आहे, पाणी आहे. आ-लिएनला एकाच दिवसाची सुट्टी असेल. ती येऊन परत जाईल.

तांदूळ, मीठ, काडेपेटी, रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत भरल्या. बांधताना जोराची शिंक आली. निघायच्या तयारीत शिंकलं की तो बेत सोडायचा असतो. शिंक मिरचीने आली की तशीच आली, याचा बराच वेळ विचार केला. मिरची घरात नव्हती.

लांगुई दारात येऊन उभी राहिली. "आबा, कुठे निघालास?"

"शेतावर. राळं बघायला."

"सणाच्या दिवशी?"

"डुकरं येतात गं. राखायला हवं."

ती माझ्याजवळ बसली. पिशवीतून गोळ्या काढल्या, पुन्हा आत ठेवल्या. मग म्हणाली, "आबा, कोंडाळ्यात आपण ओरडलो आणि कुणीच परत ओरडलं नाही, तर काय होतं?"

"असं कधी होत नाही."

"पण झालं तर?"

"लहान आवाज असला तरी माणसं देतात उत्तर. पद्धतच आहे."

"आवाज नाही रे." तिने पिशवीची गाठ चाचपली. "माणसांना ती ओळ माहीतच नसली तर?"

मी म्हटलं, सोपं आहे, ऐकायचं आणि तसंच म्हणायचं. तिने मान हलवली. पण तिचे हात गार होते. मी आजवर समजत होतो की या घरात भिणारा मी एकटाच आहे.

पिशवी सोडली नाही. पण पलंगाखाली सरकवली.

३ मे

दिवसभर पाऊस. पक्षी ओरडला, पण कुठल्या बाजूने ते पावसात कळलं नाही. शेतावर गेलो नाही. रस्ता निसरडा आहे म्हणून गेलो नाही, असं सावीला सांगितलं.

सावी म्हणाली, "कोण विचारतंय?"

४ मे, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

सकाळी पाऊस थांबला. लांगुई स्वतःच खारवायच्या खोलीत गेली आणि बूट घालून बाहेर आली. कधीपासून माहीत होतं कोण जाणे. 

शाळेचं मैदान भरलेलं. राळ्याच्या वड्या, भाजलेलं डुक्कर. राळ्याच्या दारूऐवजी आलुबुखाराचं सरबत, कारण शाळा. पास्टरने प्रार्थना केली. मी प्रार्थना ऐकली नाही, माणसं बघत होतो. प्रत्येक अनोळखी बाई मला आ-लिएन वाटत होती. आणि खरी आ-लिएन दिसली तेव्हा आधी ओळखलीच नाही. बास्केटबॉलच्या खांबाशी एकटी उभी होती, कारखान्याचं निळं जाकीट, हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. बारीक झाली आहे. बसने आली असणार, पहाटे निघाली असेल. तिच्याभोवती जागा मोकळी होती. कुणी मुद्दाम सोडली नव्हती, तशीच राहिली होती.

तिने मला मान लवून नमस्कार केला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मग कोंडाळं. पोरं गोल उकिडवी बसली, घरचे त्यांच्यामागे. हैसुलने सुरुवात केली. त्याचं रानडुक्कर दर वर्षी मोठं होतं. दुकानदाराचा पोरगा ओरडला, "मी साप पाहिला!" सगळे, "मी साप पाहिला!" "पळालो नाही!" "पळालो नाही!" मागून त्याची आई, "पळाला होता मेला, माझ्या अंगावर येऊन पडला!" हैसुलने हसत हसत सांगितलं, बढाईत खोटं नको, ओळ बदल. पोरगा ओरडला, "थोडा पळालो!" सगळे, "थोडा पळालो!" आणि मग आईचं कूळ, पालालावी. त्यावर सगळ्यात मोठा आवाज. त्या ओळीला मागच्या बायकाही उड्या मारतात.

लांगुई उठून पुढे सरकली. माझे गुडघे उकिडवं बसून बधिर झाले होते.

"मी लांगुई!"

"मी लांगुई!"

"इस्तांदांची!"

"इस्तांदांची!"

"माझे बूट हरवले!"

"माझे बूट हरवले!"

"लपवणारा मला माहीत आहे!"

तिने माझ्याकडे बघितलं, म्हणून सगळे माझ्याकडे बघून ओरडले. सावीने कोपराने ढोसलं. मी मान खाली घातली.

"मी रागावले नाही!"

"मी रागावले नाही!"

"माझी आई…"

"माझी आई…"

मी आजीचं कूळ ऐकायला कान टवकारले. लांगुईने हात वर उचलला आणि उतारावरून घरंगळावा तसा खाली आणला.

"द्वान!"

आणि काहीच आलं नाही.

हैसुलचं तोंड उघडं राहिलं होतं. असं कूळ नाही. डोंगराच्या या बाजूला नाही, त्या बाजूला नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, नुसते विचारात पडले होते की हे काय आहे आणि ओरडायचं का. सरबताचा पेला कुठेतरी पडला, तो ऐकू आला.

मला कळलं. बाधा नव्हती. फोनवर कुणी पोर पसंत करत नव्हतं. पोर आईचं कूळ म्हणायला शिकत होती, आईकडूनच. आणि मला हेही कळलं की आ-लिएन तियांगबरोबर सहा वर्षं माझ्या घरात जेवली, आलुबुखार विकत घ्यायला येणाऱ्यालाही आम्ही बसायच्या आधी कूळ विचारतो, आणि हा शब्द मी आज पहिल्यांदा माणसाचा म्हणून ऐकत होतो.

पण लगेच भीतीही आली. खरं तेच लिहितो. मी ओरडलो तर साऱ्या गावासमोर कबूल केलं की पोरीला आईचं कूळ आहे. मग ते कूळ तिला घेऊन जाईल आणि मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? गप्प राहिलो तर ओळ पडते. कुणाचा दोष नाही, शब्दच माहीत नव्हता. आ-लिएन दुपारच्या बसने जाईल.

लांगुई माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती. हात अजून खालीच होता.

मी ओरडलो. "द्वान!" आवाज फाटला, कोंबड्याची मान पिळल्यासारखा. सावीने मला पाहिलं आणि तीही ओरडली, सुपारीचं तोंड घेऊन. मग याओ बाई. मग हैसुल, उशिरा, पण त्याचा आवाज त्याचाच. मग सगळे. मागच्या बायका उड्या मारायला लागल्या आणि त्यांच्यातून वाट झाली, कारण सगळे खांबाकडे बघत होते.

आ-लिएन तोंडावर हात ठेवून उभी होती. मला वाटलं रडतेय. हसत होती. नंतर दोन्ही.

जेवणाच्या वेळी ती माझ्या शेजारी येऊन बसली. लांगुई मध्ये. केळीच्या पानात चिकट भाताची वडी होती, आत डुकराचं मांस.

"बाबा, कबरीवरचं गवत मी काढलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी घरीही आले होते. दाराला कडी होती."

"आम्ही कबरीवर होतो."

"फोन लागत नाही तुमचा."

"बिघडलाय."

"दीड वर्ष?"

मी वडी खाल्ली. चांगली होती. मग तीच म्हणाली, "बाबा, ते तुम्ही चुकीचं ओरडलात. द्वान म्हणताना सूर खाली उतरतो. तुम्ही वर चढवलात."

"वर चढवलं तर काय होतं?"

"वर चढवलं की आमच्याकडे त्याचा अर्थ होतो, 'ओळखा बघू!'"

"म्हणजे आख्खं गाव…"

"आख्खं गाव ओरडत होतं, 'माझी आई, ओळखा बघू!'" लांगुईला हसून हसून उचकी लागली.

मीही हसलो. पण हसतानाच विचारून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता. "नेणार का तिला?"

आ-लिएनने पान दुमडलं. म्हणाली, "खोली मिळाली आहे मला. लहान आहे. सुट्टीत नेते. शाळा सुरू व्हायच्या आत आणून सोडते." मग लांगुईकडे बघून, "पुढचं पुढच्या वर्षी. ती काय म्हणते ते बघू."

आणून सोडते, असं ती म्हणाली. मी ते दोनदा विचारून घेतलं.

झोप: नाही. सगळ्यांच्या ओळी पुऱ्या झाल्या, तरी मी कडी तिसऱ्यांदा तपासून आलो.

१ जुलै

लांगुई गेली. बस वळणावरून जाईपर्यंत उभा होतो. पक्षी ओरडला नाही. कुठल्याच बाजूने नाही, आणि त्याचा अर्थ काय ते मला कुणी शिकवलेलं नाही.

सुट्टीचं बातमीपत्र दुकानाच्या दारावर आहे. कोंबडीने पुन्हा अंडी द्यायला सुरुवात केली. खाली सणाचा फोटो, त्यात मी तोंड उघडं टाकून बसलोय. फोटोखाली छापलंय: पालालावी, ताकिलुदून, द्वान अशा सर्व कुळांच्या मातांचे आभार. दुकानदार म्हणाला, "उमासदादा, ही द्वान मंडळी कुठल्या खोऱ्यातली?" मी म्हटलं, "लांबची."

फोन दुरुस्तीला टाकला. त्याला काही झालं नव्हतं म्हणे, नुसती बॅटरी.

दुपारी खारवायच्या खोलीत बसून म्हणून बघत होतो. द्वान. हात खाली आणला की जरा बरं येतं. द्वान. भिंतीपलीकडून सावीचा आवाज आला, "उमाशा, कुणाशी बोलतोस रे? गवत आणू का?"

मीठ काढायला मोठी बरणी सरकवली. मागे लांगुईचे शाळेचे बूट. पुसून, नाड्या आत घालून, मी ठेवले होते तिथेच तसेच ठेवलेले. ती दुसरं काही घालून गेली असणार, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होते. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं. आहेत.